सव्वा तास कोणाचा?

नांदेडहून मुंबईस विमानाने सव्वा तासात पोहोचता येते, हे वाक्य या शहराने गेल्या पंधरा-सतरा वर्षांत अनेक वेळा ऐकले आहे. २००८ साली गुरुता-गद्दीच्या त्रिशताब्दी सोहळ्यासाठी येथील विमानतळाचे रूप पालटले तेव्हा ते ऐकू आले. २०१७ साली ‘उडान’ योजनेखाली मुंबईचे विमान सुरू झाले तेव्हा पुन्हा ऐकू आले. २०२५ च्या डिसेंबरात नवी मुंबईचा विमानतळ वाहतुकीस खुला झाला, त्या सुमारास नांदेडच्या विमानाची वार्ता सांगणाऱ्यांच्या ओठीही तेच वाक्य होते. वाक्य खोटे नाही. या दोन शहरांमधील हवाई अंतर सुमारे ४७० किलोमीटर आहे, आणि तेवढे अंतर आधुनिक विमानास सव्वा तासाहून अधिक काळ रोखून धरू शकत नाही. परंतु हा सव्वा तास कोणाचा, असा प्रश्न कोणीतरी विचारावयास हवा. तो विमानाचा आहे, प्रवाशाचा नाही. आणि प्रवासी हिमायतनगरचा असेल तर मुळीच नाही.

दोन शहरांमधील अंतर ही वस्तुतः एकच एक संख्या नसते. शाळेत भूगोलाच्या तासाला पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून जे मोजतात ते एक अंतर; लोहमार्गाचे दुसरे; आणि घड्याळाचे तिसरे. ही तिन्ही अंतरे एकमेकांपासून किती दूर जाऊ शकतात, याचे उत्तम उदाहरण आमच्याच दारी आहे. नांदेड आणि अमृतसर ही दोन शहरे शीख बांधवांच्या श्रद्धेने एकमेकांस बांधलेली आहेत. गुरू गोविंदसिंगांनी १७०८ साली गोदावरीच्या काठी देह ठेवला, आणि तेव्हापासून पंजाबचा यात्रेकरू या वाटेने चालत आला आहे. या दोन शहरांमध्ये दोरा ताणला तर तो साधारण १,४०० किलोमीटर भरेल. सचखंड एक्सप्रेस मात्र दोन हजार किलोमीटरांहून अधिक धावते. कारण ती निघते उत्तरेला जावयास आणि जाते प्रथम पश्चिमेला, परभणी-औरंगाबादवरून (आजच्या छत्रपती संभाजीनगरवरून) थेट मनमाडपर्यंत. निजामी राज्याचा लोहमार्ग तेथे मुंबईच्या मार्गास मिळाला होता, आणि त्या जुन्या जोडणीचे देणे आजचा यात्रेकरू अद्याप फेडीत आहे. मग भुसावळ, इटारसी, भोपाळ, दिल्ली असे करीत गाडी दुसऱ्या दिवशी रात्री अमृतसर गाठते. तेहेतीस-पस्तीस तासांचा हा प्रवास. पण वाटेतील स्थानकांवर भाविक मंडळी गाडीत लंगर आणून देतात आणि कोणी उपाशी राहत नाही. आमच्या रेल्वेच्या कारभारात इतकी चोख व्यवस्था क्वचितच आढळेल, आणि ती रेल्वेची नाही हेही येथे नमूद करावयास हवे.

२०१७ च्या डिसेंबरात एअर इंडियाने नांदेड-अमृतसर विमान सुरू केले आणि दीड दिवसाचा प्रवास सुमारे अडीच तासांवर आला. वृद्ध यात्रेकरूंना त्याचे केवढे अप्रूप वाटले असेल, हे सांगावयास नको. पुढे ती सेवा बंद पडली. २०२४ साली दुसऱ्या कंपनीने पंजाबचे विमान सुरू केले, ते जालंधरजवळच्या आदमपूरला उतरणारे. तेथून अमृतसर आणखी सुमारे शंभर किलोमीटर. म्हणजे दोऱ्याचे अंतर १७०८ साली होते तेवढेच आज आहे, पण घड्याळाचे अंतर दहा वर्षांत अडीच तास झाले, मग पुन्हा पस्तीस तास झाले, मग त्याहून निराळेच काही झाले.

घड्याळाचे अंतर असे चंचल असणे ही केवळ आमचीच तक्रार नाही. मुंबईहून लंडनला जाणाऱ्या विमानास परतीच्या विमानापेक्षा अधिक वेळ लागतो. अंतर तेच, परंतु उंचावरचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. २०२५ च्या एप्रिलात पाकिस्तानने आपले आकाश भारतीय विमानांना बंद केले, तेव्हा दिल्लीहून पश्चिमेस जाणाऱ्या विमानांना वळसा पडला आणि नकाशावर एक रेघही न हलता युरोप-अमेरिका आम्हांपासून लांब गेली. ज्यांची मुले परदेशी आहेत अशा पुण्या-मुंबईच्या कुटुंबांना हे हिशेब तोंडपाठ असतात. आमचे म्हणणे एवढेच की, तोच हिशेब कोणी हिमायतनगरहून मांडावा.

हिमायतनगर, म्हणजे जुन्या लोकांचे वाढोणा. परमेश्वराच्या मंदिराचे हे गाव पैनगंगेच्या अलीकडे, विदर्भाच्या उंबरठ्यावर वसलेले आहे. नांदेड येथून ८०-८५ किलोमीटर. तेथील एका प्रवाशास मुंबईला परळच्या टाटा रुग्णालयात जावयाचे आहे असे समजू या. ही कल्पना आम्ही उगाच निवडलेली नाही. मराठवाड्यातून मुंबईला जाणाऱ्यांपैकी पुष्कळांच्या हातात अशाच तपासण्यांची पाकिटे असतात. हा गृहस्थ घरून निघाला. भोकरवरून एस. टी. त्यास नांदेडच्या बसस्थानकावर आणून सोडते, त्यात अडीच तास गेले. बसस्थानकापासून विमानतळ, रिक्षा मिळून अर्धा तास. विमानाच्या दीड तास आधी हजर राहणे आवश्यक. नंतर तो सुप्रसिद्ध सव्वा तास. आणि त्यातही गंमत अशी की, विमान कंपनीच्या वेळापत्रकातील वेळ चाकांखालचे अडसर काढल्यापासून ते पुन्हा लावीपर्यंत मोजतात, म्हणजे विमानाचे जमिनीवरचे रेंगाळणे हिशेबात धरले जाते, प्रवाशाचे मात्र नाही. उतरल्यावर सामान घेऊन बाहेर पडण्यास अर्धा तास. नवी मुंबईहून परळ, अटल सेतू असूनही, दीड तास. बेरीज पावणेआठ तास होते. ज्या सव्वा तासाचे कौतुक होते तो या बेरजेच्या एकषष्ठांशाहूनही कमी आहे.

याच बेरजेतून आणखी एक गोष्ट निघते, आणि आमच्या मते ती सर्वांत महत्त्वाची आहे. उद्या कोणी दुप्पट वेगाचे विमान आणले तरी या गृहस्थाचा फार तर अर्धा तास वाचेल. तोच अर्धा तास हिमायतनगर-नांदेड रस्ता सुस्थितीत ठेवून आणि एक जलद बस चालवून वाचविता येतो. विमानाचा वेग वाढविणे कोणाच्या हाती नाही. बसचे वेळापत्रक मात्र नांदेडच्या विभागीय कार्यालयातील एका टेबलावर ठरते.

या गृहस्थाने विमानाचा नाद सोडला तर त्याच्यापुढे काय आहे? २०२५ च्या ऑगस्टात वंदे भारत गाडी जालन्यावरून नांदेडपर्यंत वाढविण्यात आली. ६१० किलोमीटरांचा प्रवास ती सुमारे साडेनऊ तासांत करते, आणि ही मराठवाड्याला मिळालेली खरोखर चांगली गोष्ट आहे. परंतु ती नांदेडहून पहाटे पाचला निघते. पहाटे पाचला नांदेडच्या स्थानकावर उभे राहावयाचे तर हिमायतनगरच्या माणसाने आदल्या संध्याकाळी घर सोडावयास हवे आणि रात्र नांदेडला काढावयास हवी. साडेनऊ तासांच्या गाडीचा प्रवास अशा रीतीने वीस तासांचा होतो. त्यापेक्षा आपली जुनी नंदिग्राम एक्सप्रेस बरी, असे तो म्हणतो, आणि त्याचे म्हणणे बरोबर आहे. ती हिमायतनगरच्या स्थानकावर थांबते, त्यास तेथूनच उचलते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबईस सोडते. वेग तिला नाही, नवलाई नाही, तिच्या उद्घाटनाची छायाचित्रे आता कोणाकडे नसतील. पण ती त्याच्या गावातून निघते आणि रोज निघते.

रोज निघते, या दोन शब्दांपाशी थोडे थांबावयास हवे.

‘उडान’ योजनेचा प्रारंभ २७ एप्रिल २०१७ रोजी झाला. त्या दिवशी पंतप्रधानांनी सिमल्याहून ज्या सेवांना निशाण दाखविले, त्यांत नांदेड-हैदराबाद ही एक होती. या योजनेच्या पहिल्याच दिवशी नांदेडचे नाव निघाले, याचा या शहराला रास्त अभिमान वाटला. योजनेची कल्पनाही चांगली होती: सुमारे पाचशे किलोमीटरांच्या, तासाभराच्या उड्डाणास निम्म्या जागांसाठी अडीच हजार रुपयांची भाडेमर्यादा, आणि कंपनीचा तोटा तीन वर्षे सरकारने भरून द्यावयाचा. याच योजनेखाली त्या वर्षीच्या नोव्हेंबरात मुंबईचे विमान आले. २०२२ साली त्या कंपनीचे कामकाजच थांबले. नांदेडच्या विमानतळाने त्यानंतर निर्विमान दिवसही पाहिले. २०२४ मध्ये पुन्हा सेवा सुरू झाली, बंगळूर, दिल्ली, हैदराबाद ही नावे फलकावर आली. २०२५ च्या ऑगस्टात धावपट्टीच्या प्रश्नावरून ती काही काळ थांबवावी लागली.

हे केवळ नांदेडचे दुर्दैव म्हणावे तर भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा २०२३ चा अहवाल तसे म्हणू देत नाही. योजनेच्या पहिल्या तीन टप्प्यांत ७७४ मार्ग मंजूर झाले. त्यांपैकी ४०३ मार्गांवर विमान कधी उडालेच नाही. जे ३७१ मार्ग सुरू झाले त्यांतील अवघ्या ११२ मार्गांनी तीन वर्षांची मुदत पुरी केली, आणि सरकारी मदत संपल्यावरही २०२३ च्या मार्चपर्यंत टिकून राहिले ते ५४. शंभरातील सात! मदत संपताच विमान नाहीसे होते, कारण तीन वर्षांत प्रवाशाला त्याची सवय लागत नाही. आणि सवय लागत नाही, कारण ते उद्या असेल की नाही याची त्यास खात्री नसते. मुंबईच्या जुन्या विमानतळाचाही यात वाटा आहे. तेथील दोन धावपट्ट्या एकमेकींस छेदतात, त्यामुळे एका वेळी एकीचाच उपयोग होतो, आणि मोठ्या विमानांच्या त्या गर्दीत नांदेडसारख्या लहान गावाच्या विमानास सोयीची वेळ मिळणे कठीण असते. नवी मुंबईमुळे ही सबब पुष्कळशी दूर झाली आहे. आता ती पुढे करता येणार नाही.

आठवड्यातून दोन-तीन दिवस येणारे विमान वेळापत्रकात सव्वा तासाचे असले तरी, ज्याचे काम गुरुवारी आहे आणि विमान रविवारी आहे, त्याच्या दृष्टीने ते तीन दिवसांचे आहे. हा विचार अंतराच्या कोणत्याही कोष्टकात केलेला नसतो. आमची सूचना अशी की, विमानसेवेच्या प्रत्येक घोषणेबरोबर दोन आकडे अवश्य प्रसिद्ध व्हावेत: मागील वर्षात ठरलेल्या उड्डाणांपैकी किती प्रत्यक्ष झाली, आणि जिल्ह्याच्या सर्वांत दूरच्या तालुक्यातून निघालेला प्रवासी किती तासांत मुक्कामी पोहोचतो. हे दोन आकडे छापणे ज्यांना अडचणीचे वाटेल त्यांनी सव्वा तासाची जाहिरातही करू नये.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो सद्भावनेनेच येईल. हिमायतनगरचा कापूस-सोयाबीन पिकविणारा शेतकरी विमानात कशाला बसतो आहे? त्याला आधी रस्ता द्या, पाणी द्या, मग विमानाचे बोला. रस्त्याबद्दल आम्ही वर बोललोच आहोत. परंतु या आक्षेपाच्या मुळाशी जी समजूत आहे ती आम्हांस मान्य नाही. त्या शेतकऱ्याची मुलगी वैद्यकीय परीक्षेची तयारी करते, मुलगा हैदराबादेत किंवा पुण्यात नोकरी करतो, आणि आजारपण कोणाची मिळकत पाहून येत नाही. शिवाय या प्रदेशाचे मुंबईशी असलेले अंतर हा केवळ सोयीचा प्रश्न कधीच नव्हता. हिमायतनगराहून हैदराबाद सरळ रेषेत सुमारे २३५ किलोमीटर आहे. नागपूर जवळजवळ तेवढेच. मुंबई मात्र ५२५. १९४८ साली निजामी राजवट संपली आणि १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, तेव्हा या गावाची राजधानी एका दिवसात दुपटीहून अधिक दूर गेली. ते अंतर मराठवाड्याने स्वखुशीने, कोणतीही अट न घालता पत्करले, भाषेसाठी पत्करले. ज्या राज्यासाठी हे अंतर पत्करले त्याने ते कमी करण्याची जबाबदारी घ्यावी, ही अपेक्षा अवाजवी नाही. १९५३ च्या नागपूर करारात या विभागांच्या गाऱ्हाण्यांची दखल होती. कराराप्रमाणे विधिमंडळाचे एक अधिवेशन नागपुरास भरते, आणि हिमायतनगरच्या माणसास आपले सरकार वर्षातून काही आठवडे तरी जवळ येते. बाकीच्या काळात त्याने काय करावयाचे?

पुष्कळ वर्षे त्याने मनमाडला गाडी बदलली. आमच्या पिढीला ते फलाट चांगले आठवतात: एका बाजूला अरुंद रुळांची मराठवाड्याची गाडी, दुसऱ्या बाजूला रुंद रुळांची मुंबईची, आणि मध्ये ट्रंका, वळकट्या आणि रडणारी मुले घेऊन धावणारी माणसे. १९९० च्या दशकात नांदेडपर्यंतचे रूळ रुंद झाले, मुदखेड-आदिलाबाद मार्गास आणखी वाट पाहावी लागली. वर्धा-यवतमाळ-नांदेड हा २८४ किलोमीटरांचा मार्ग २००८ च्या सुमारास मंजूर झाला. त्यातील वर्धा ते कळंब हा पहिला तुकडा २०२४ च्या फेब्रुवारीत सुरू झाला. समृद्धी महामार्ग २०२५ च्या जूनमध्ये पुरा झाला आणि मुंबई-नागपूर प्रवास आठ तासांवर आला. जालन्याहून नांदेडकडे येणारी त्याची शाखा अजून व्हावयाची आहे. या प्रत्येक कामाची तारीख पाहिली की, या भागाचे अंतर कमी होते, पण पिढीच्या मापाने कमी होते, असे दिसते.

ते जलद कमी होऊ शकत नाही असे मात्र कोणी म्हणू नये. २०१६ च्या एप्रिलात लातूरला पिण्यास पाणी नव्हते, तेव्हा मिरजेहून साडेतीनशे किलोमीटरांच्या आसपास अंतर कापून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वेगाडी आली, आणि पुढे महिनोन्‌महिने अशा गाड्या येत राहिल्या. निकड पटली की यंत्रणा हलते, याचा तो पुरावा होता. त्याच लातूरला धावपट्टी आहे, इमारत आहे, आणि नियमित प्रवासी विमान नाही. नांदेड आणि लातूर यांनी एकमेकांच्या विमानाकडे, गाडीकडे आणि कार्यालयाकडे डोळे लावून बसण्यात बरीच वर्षे घालविली. दोन्ही जिल्ह्यांच्या लोकप्रतिनिधींनी एकत्र बसून दोन्ही धावपट्ट्यांचा वापर कसा वाटून घ्यावा हे ठरविले, तर मुंबईतील अधिकाऱ्यांना निदान दोघांच्या भांडणाचे निमित्त मिळणार नाही.

नांदेडपुरते बोलावयाचे तर विमान कोणत्या कंपनीचे असावे, यात आम्हांस रस नाही. मुंबईचे विमान रोज असावे, आणि सरकारी मदतीची मुदत उड्डाणांच्या नियमितपणावर ठरावी. जी कंपनी ठरलेली उड्डाणे पुरी करील तिला तीन वर्षांनंतरही काही मदत राहावी, जी करणार नाही तिची आधीच थांबावी. विमानाची वेळ ठरविताना किनवट, माहूर, हिमायतनगर, देगलूर येथून सकाळी निघालेला माणूस ते गाठू शकेल एवढे पाहावे. वंदे भारत गाडीसाठी पहाटे येणाऱ्यांना स्थानकावर रात्र काढण्यास स्वच्छ जागा असावी. आणि एस. टी.ने भोकरमार्गे हिमायतनगरची एक जलद बस विमानाच्या वेळेशी बांधून द्यावी, येताना व जाताना. या मागण्यांपैकी काही दिल्लीच्या आहेत, काही मुंबईच्या. शेवटची मात्र नांदेडचीच आहे. बसस्थानकावर विमानाच्या वेळा व वार लिहिलेला एक फलक लावण्यास तर कोणत्याही मंत्रिमंडळाची मंजुरी लागत नाही, आणि तो येत्या आठवड्यात लागतो की नाही हे आम्ही जाऊन पाहणार आहोत.